बाबांच्या कोपऱ्यातली मातीची रेघ

“सर्वेश, चघळणं बंद कर आधी! ऐकू दे!”

ओटीच्या कोपऱ्यात भिंतीला कान लावून बसलेली श्रद्धा दबक्या आवाजात ओरडली. सर्वेशने तोंडातली फणसपोळी तशीच गालात धरून ठेवली. दुपारचे तीन वाजले होते. मे महिन्यात त्या वेळी केळशीतली माणसंच काय, कुत्रीसुद्धा भुंकायचा कंटाळा करतात.

“मला तर काहीच ऐकू येत नाय,” झारा कुजबुजली.

“खाली वाक. कान इथे लाव, खोक्याच्या वर.”

झाराने कान लावला आणि तिचे डोळे मोठे झाले. भिंतीशी काहीतरी कुरकुरत होतं. कोणी अगदी हळूच कागद चुरगळावा तसं. श्रद्धाने भिंतीवर बोटाने टिचकी मारली, तशी कुरकुर थांबली आणि आतून आवाज आला, टक-टक-टक.

“भूत!” सर्वेश खूश होऊन म्हणाला.

“दुपारचं भूत कशाला येईल? त्यालाही उकडत असेल!” झारा म्हणाली.

सर्वेश हा श्रद्धाचा मावसभाऊ. आठवीची परीक्षा देऊन सावर्ड्याहून सुट्टीला आलेला. झारा शेजारच्या मोहल्ल्यातली, श्रद्धाच्याच वर्गातली. खेकडे धरायचे, उटंबरच्या बाजूला सायकलने जायचं, वाळूच्या टेकडीवरून घसरायचं, असे बेत सर्वेशने सावर्ड्याहूनच कागदावर लिहून आणले होते. पण दोन दिवस झाले तरी श्रद्धा घर सोडायला तयार नव्हती. कारण गुरुवारी तिचे बाबा येणार होते!

बाबा, म्हणजे हरिश्चंद्र, मालवाहू जहाजावर कामाला होते. नऊ महिन्यांसाठी म्हणून गेले आणि त्यांच्या जागी दुसरा माणूस मिळेना म्हणून चौदा महिने अडकून पडले. एवढ्या दिवसांत श्रद्धाचे दोन वाढदिवस गेले, दोन इयत्ता संपल्या आणि चप्पल तीन वेळा लहान झाली. बंदराला लागलं की बाबांचा फोन यायचा. पण चित्र मध्येच गोठायचं, बाबांचं तोंड अर्धं उघडं राहायचं, आणि ते काय म्हणाले हे कळेपर्यंत फोन कट! मग श्रद्धा उरलेलं वाक्य मनातल्या मनात पुरं करायची. प्रत्येक वेळी ते “लवकर येतो” असंच व्हायचं.

ओटीवरचा हा कोपरा बाबांचा. खुंटीला त्यांचा हिरवा रेनकोट, त्याखाली मासे धरायचं गोल जाळं, म्हणजे पाग, आणि जमिनीवर एक मोठं पुठ्ठ्याचं खोकं. “ते ठेवून गेलेत तसंच राहू दे,” असं आईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती झाडू मारत कोपऱ्यापर्यंत यायची आणि तिथूनच मागे फिरायची. श्रद्धा मात्र रोज दुपारी आई झोपली की तिथे जाऊन रेनकोटात नाक खुपसायची. सुरुवातीला त्याला बाबांचा वास यायचा, खोबरेल तेलाचा आणि मशीनच्या ऑइलचा. आता नुसता रेनकोटाचा यायचा. हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. झारालासुद्धा नाही.

आणि कोपऱ्याच्या बरोबर वर, छताच्या आडव्या तुळईला, बाबांचा झोपाळा. रोज संध्याकाळी बाबा त्यावर बसायचे आणि शेजारी श्रद्धा. बाबा पायाने रेटा द्यायचे, कारण श्रद्धाचे पाय जमिनीला टेकायचे नाहीत. बाबा गेले त्याच दिवशी आईने झोपाळा दोरीने वर ओढून बांधून टाकला. रिकामा झोपाळा हलू नये म्हणतात. तेव्हापासून तो तिथेच लटकला होता.

‘या वेळी माझे पाय टेकणार!’ श्रद्धा चौदा महिने हेच घोकत होती.

“अगो, हे बघ काय!” झाराने भिंतीकडे बोट दाखवलं. खोक्याच्या मागून मातीची एक रेघ निघाली होती. पेन्सिलएवढी जाड, वेडीवाकडी. ती रेनकोटाच्या मागून वर वर चढत थेट तुळईपर्यंत गेली होती!

“काय शोधताय रे कोपऱ्यात?” दारातून आवाज आला. नितेशकाका! एका हातात रंगाची बादली, दुसऱ्या हातात ब्रश. बाबांचा हा धाकटा भाऊ मनाने मोठा, पण धीर म्हणाल तर चिमूटभर. कोणतंही काम अर्धं झालं की त्याच्या लेखी ते पुरं झालेलं असे. दादा येणार म्हणून दोन दिवस तो घर रंगवत होता. वाटेतल्या पालीसुद्धा रंगल्या होत्या.

“काका, भिंतीवर मातीची रेघ आहे! आणि आतून आवाज येतोय!”

“कुंभारीण आहे ती! कुंभारीण माशी मातीचं घर करते. शाळेत शिकवत नाय काय तुम्हाला?”

“पण काका, कुंभारणीचं घर गोल असतं, गाडग्याएवढं छोटं. ती एवढी लांब रेघ कशाला ओढेल?” सर्वेश म्हणाला.

“मोठं घर बांधलंन असेल! तुला काय करायचंय?” काकाने पत्र्याने खरखर करत खोक्याच्या वरची रेघ खरवडली, रेनकोट एका बोटाने बाजूला धरून रंगाचे चार फटकारे मारले, आणि विजयी मुद्रेने म्हणाला, “संपली तुमची कुंभारीण!”

पण ती संपली नव्हती.

मंगळवारी सकाळी श्रद्धा दात घासत ओटीवर आली आणि ब्रश तोंडात तसाच राहिला. पांढऱ्याशुभ्र नव्या रंगावर, खोक्याच्या मागून, मातीची हातभर रेघ पुन्हा उगवली होती! माती ओली होती, अजून गडद दिसत होती.

“म्हणजे हे जे कोणी आहे ते रात्रपाळीला काम करतं,” सर्वेश म्हणाला. त्याने खिशातून पेन्सिल काढली. “आपण एक गंमत करू. रेघ मध्येच बोटभर फोडायची, दोन्ही टोकांना खुणा करायच्या. कोणी राहत नसेल तर ती तशीच राहील. राहत असेल तर दुरुस्ती करायला येईलच की!”

त्याने नखाने रेघेचा तुकडा उडवला आणि तिघंही एकदम मागे सरकली. रेघ आतून पोकळ होती. तो एक बोगदा होता! आणि त्या बोगद्यात तांदळाच्या कणीएवढे पांढरट किडे सैरावैरा पळत होते. उजेड लागताच एकेक करून ते अंधाऱ्या बाजूला शिरले. दोघे मात्र तिथेच उभे राहिले. त्यांची डोकी मोठी आणि तांबूस होती.

“पांढऱ्या मुंग्या!” झारा म्हणाली.

“मुंग्या नव्हेत,” सर्वेश नाक भिंतीला लावून म्हणाला. “ती काळी मुंगी बघ, रेघेच्या खालून चाललीय ती. तिची कंबर कशी बारीक आहे! आणि मिशा कोपरासारख्या मोडलेल्या. यांना कंबरच नाय. अंग सरळ, मिशापण सरळ.”

“आमच्या नानांना दाखवू या. लाकडाचं काहीही असलं तरी नाना सांगतात,” झारा म्हणाली.

झाराचे आजोबा अस्लमनाना खाडीकाठी होड्यांची दुरुस्ती करायचे. पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यामुळे नानांना मान वर करायलाही सवड नव्हती. एका होडीच्या पोटाखाली पडून ते फळ्यांच्या फटीत कापसाची वात ठोकत होते. झाराने काड्यापेटी उघडून त्यांच्या नाकासमोर धरली. आत मातीचा तुकडा आणि दोन किडे.

नाना लगेच होडीखालून बाहेर आले. “कुठं मिळाली ही?”

“आमच्या ओटीवर. काय आहे नाना?” श्रद्धाने विचारलं.

“वाळवी.” नानांनी हात पुसले. “हिचं घर तुमच्या घरात नाय, पोरी. जमिनीखाली असतं. हिला ओल लागते, आणि उजेड नि कोरडी हवा अजिबात सोसत नाय. म्हणून मातीचा बोगदा करून त्यातून ये-जा करते. हे मोठ्या डोक्याचे हिचे शिपाई, धोका वाटला की डोकं आपटून टक-टक करतात. लाकूड खाते, कागद खाते, पुठ्ठा खाते. आणि लबाडी अशी, की आतून खाते! वरचा पापुद्रा तसाच ठेवते. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे.”

“मग ओळखायचं कसं?”

“वाजवून बघायचं. धडधाकट लाकूड ठणठणतं, पोखरलेलं धपधप वाजतं.” नानांनी हातोडी होडीच्या फळीवर आपटली. ठण्ण! “आणि एक सांगतो. जिथं कोणी हात लावत नाय, काही हलवत नाय, तिथं ती सुखाने राहते. मी उद्या ही होडी उरकून संध्याकाळी येतो बघायला. तोवर तुम्ही शोधा, ती येते कुठून आणि जाते कुठं.”

परतताना सर्वेश आणि झारा बडबडत होते, श्रद्धाच्या डोक्यात नानांचं वाक्य घोळत होतं. कोणी हात लावत नाय, काही हलवत नाय. बाबांचा कोपरा! आपण जो जिवापाड जपला, तोच!

‘येते कुठून’ हे शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. कोपऱ्याच्या बाहेरच्या बाजूला, परसात, पावसाळ्यासाठी साठवलेलं सरपण थेट भिंतीला टेकवून रचलेलं होतं. शेजारी कपडे धुवायचा नळ, चोवीस तास टिप-टिप गळणारा. सर्वेशने खालचं एक लाकूड उचललं, तर ते हातातच तुटलं. आत माती आणि पांढरे किडे. चिऱ्यांच्या दरजेतून एक बोगदा भिंतीत शिरला होता.

“खायला लाकूड, प्यायला पाणी! यांची तर इथे खाणावळच आहे!” सर्वेश म्हणाला.

“सरपण कोणी रचलं?” झाराने विचारलं.

“काकाने,” श्रद्धा म्हणाली.

ओटीवर झाराला आणखी एक गोष्ट सापडली. ट्यूबलाइटच्या मागच्या जुन्या कोळिष्टकात पंखच पंख अडकले होते. सगळे सारख्या लांबीचे, काचेच्या पातळ पापुद्र्यासारखे.

“गेल्या पावसाळ्यात एकदा संध्याकाळी पाखरं उठली होती,” श्रद्धाला आठवलं. “आईने लाइट बंद केली. आम्हाला वाटलं बाहेरून आली.”

“बाहेरून नाय, घरातनंच! पावसाळ्यात वाळवीलाच पंख फुटतात. बाबा जाऊन चारच महिने झाले होते तेव्हा. तेव्हापासून ही इथं आहेत!” झारा म्हणाली.

श्रद्धा तडक स्वयंपाकघरात गेली. आई बाबांसाठी खापरोळ्यांचे तांदूळ निवडत होती. श्रद्धाने एका दमात सगळं सांगितलं. “आई, तो कोपरा आत्ताच्या आत्ता रिकामा करायला हवा!”

आईचा हात थांबला. “दोन दिवस राहिलेत, बाय. ते स्वतः येऊन उघडतील.”

“पण आई, वाळवी…”

“चौदा महिने मी त्या खोक्याला हात लावला नाही.” आई परत तांदूळ निवडायला लागली. “ते मला म्हणाले होते, मी येईन तेव्हा सगळं जागच्या जागी असू दे. एवढं एकच मला करता आलं. आता दोन दिवसांसाठी नको मोडायला लावूस.”

आईही आपल्यासारखीच दिवस मोजते आहे, फक्त बोलून दाखवत नाही, हे श्रद्धाला त्या क्षणी कळलं आणि तिला रडूच आलं.

बुधवारी सकाळी फोडलेला बोगदा चक्क सांधलेला होता! खुणांच्या मध्ये बोटभर नवी, ओली माती. सर्वेशने तारीख टाकली. मग झाराने स्टूल धरलं, श्रद्धा वर चढली आणि तिने लाकडी उलथनं तुळईवर आपटत नेलं. दाराकडच्या टोकाला ठक्, ठक्. पुढे ठक्. झोपाळ्याच्या डावीकडच्या कडीपाशी… धप्. पुन्हा मारलं. धप्. धप्.

श्रद्धाने उलथनं खाली घेतलं. “कडी बसवलीय तिथेच पोकळ आहे!”

“आणि काका आज चार वाजता झोपाळा सोडणार आहे,” सर्वेश म्हणाला. “सकाळपासून सांगतोय, दादा उद्या उतरला की पिशवीसुद्धा खाली ठेवायच्या आधी झोपाळ्यावर बसेल.”

ते खरंच होतं. बाबा तसंच करायचे. बाबा बसणार, रेटा देणार आणि… पुढचं श्रद्धाला मनात आणवेना.

काकाला सांगितलं, तर तो भडकला. “ती तुळई मी स्वतः बसवलीय! वादळात जुनी मोडली तेव्हा, आपल्याच पडलेल्या रायवळ आंब्याची! आठ दिवसांत छप्पर उभं केलं होतं मी!”

“म्हणजे लाकूड ओलंच होतं, काका? वाळवलं नाय, तेलपण नाय लावलं?” झाराने निरागसपणे विचारलं.

“जा रे, खेकडे पकडा जा! मला दोन दिवस नाय नाय ते सांगू नका!”

तिघं परसात नळाशी जाऊन बसली. नाना संध्याकाळी येणार, झोपाळा चारला सुटणार. आणि काका उत्साहाच्या भरात पहिला स्वतःच बसणार, यात काहीच शंका नव्हती.

“झोपाळ्याची फळी काढून लपवू या?” सर्वेश म्हणाला.

“तो दुसरी आणेल.”

श्रद्धा पाण्याच्या थेंबाकडे बघत होती. अचानक ती उभी राहिली. “झारा! गेल्या महिन्यात यमुनाबाईंच्या नातीचं बारसं आठवतं? बाळाला पाळण्यात घालणार, तेवढ्यात काकाने कशावरून पाळणा थांबवला होता?”

“आधी वरवंटा ठेवला नव्हता म्हणून!” झारा हसायला लागली. “अर्धा तास वरवंटा शोधत होते सगळे!”

“रीत म्हणजे रीत! काका नवीन पंपालासुद्धा नारळ फोडतो. सर्वेश, बाबांचं वजन सत्तर किलो. पाटा-वरवंटा मिळून किती भरेल?”

“पंचवीस तरी. आणि तांदळाचं पोतं पन्नासचं.” सर्वेशचे डोळे चमकले. “पंच्याहत्तर! अगो, तू तर वकीलच व्हायला हवीस!”

चार वाजता काकाने दोरी सोडली. झोपाळा खाली आला, कड्या करकरल्या. तो आवाज श्रद्धा चौदा महिन्यांनी ऐकत होती. आईही दारात येऊन उभी राहिली होती.

“चला, आधी मी बसून दाखवतो!” काकाने हात पसरले.

“काका, थांब! रीत राहिली!” श्रद्धा ओरडली.

“कसली रीत?”

“झोपाळा चौदा महिने बांधलेला होता. आता नव्यानेच सोडतोय ना? मग पाळण्यात ठेवतात तसा यात आधी वरवंटा नको? उद्या बाबा बसणार, आणि आपण तसंच…?”

काका घुटमळला. असं तर त्याने कधी ऐकलं नव्हतं. पण दादाच्या बाबतीत काही राहून गेलं तर?

“आमचे नानापण होडी पाण्यात घालताना आधी दगड ठेवून बघतात,” झाराने गंभीर चेहऱ्याने भर घातली. “माणूस मागनं.”

“बरोबर आहे!” काकाने जाहीर केलं. “मी म्हणणारच होतो! वरवंटा आणा!”

“एकटा वरवंटा कसा? पाटा हवाच,” सर्वेश म्हणाला. “आणि घरात धान्य भरलेलं राहावं म्हणून तांदळाचं पोतं.”

काका रीतीच्या बाबतीत कधीच मागे हटत नसे. त्याने स्वतःच पाटा आणला, स्वतःच पोतं पाठीवर आणलं. आईने वरवंट्याला हळदकुंकू लावलं. तिला यातलं काही कळत नव्हतं, पण बाबा येण्याच्या आदल्या दिवशी कोणाशी वाद नको, असा तिचा चेहरा होता.

“सगळे पायरीवर या. काका, तूपण. लांबूनच दोरीने हलवायचा,” श्रद्धा म्हणाली.

काकाने दोरी ओढली. झोपाळा एकदा गेला, आला. दुसऱ्यांदा गेला, आला.

“बघा! उगाच पोरं…”

कडाड्!

डावी कडी लाकडाच्या ढलप्यासकट तुळईतून उपटून आली! झोपाळा तिरका झाला, पाटा घसरला आणि जमिनीवर असा आदळला की कोबा फुटला. पोतं फाटून तांदूळ ओटीभर पसरले. आणि तुळईला पडलेल्या भोकातून माती गळायला लागली. भरभर, मूठमूठ माती. तिच्यासोबत शेकडो पांढरे किडे.

पाटा पडला होता तिथेच बाबांचे पाय असायचे.

काका मटकन पायरीवर बसला. “मी बसणार होतो,” तो पुटपुटला. “आणि उद्या दादा…” त्याने श्रद्धाकडे पाहिलं. “वरवंट्याची रीत नव्हतीच ना?”

“नव्हती,” श्रद्धा म्हणाली. “पण तू नुसतं सांगून ऐकलं नसतंस.”

काकाने तिला जवळ ओढलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

आई मात्र तांदळातून चालत थेट कोपऱ्यात गेली. तिने रेनकोट काढला, पाग उचलली आणि खोक्याला हात घातला. खोक्याचा तळ जमिनीलाच राहिला. आत बाबांच्या वह्या होत्या. प्रत्येक फेरीला बाबा एक वही भरायचे, बंदरांची नावं आणि तिथल्या होड्यांची चित्रं, खास श्रद्धासाठी. वरच्या चार वह्या शाबूत होत्या. खालच्या पाच वह्यांची माती झाली होती.

“मी जपत होते गो,” आई म्हणाली आणि खाली बसून रडायला लागली. “मी हातसुद्धा लावला नाही.”

श्रद्धा तिला बिलगली. तीही रडली. त्या पाच वह्या आता कधीच वाचता येणार नव्हत्या, आणि ते दुःख काही समजुतीने जाणारं नव्हतं.

संध्याकाळी नाना आले. त्यांनी तुळईखाली तात्पुरते दोन खांब लावले, सरपण भिंतीपासून दूर दगडांवर रचायला लावलं, नळाला नवा वॉशर बसवला. भिंतीवरच्या पेन्सिलच्या खुणा आणि तारखा पाहून ते म्हणाले, “ही तपासणी कोणी केली? माझ्या हाताखालच्या मोठ्या माणसांनाही असं सुचत नाय! हरिश्चंद्रचा पाय वाचवलात, पोरांनो, कदाचित जीवसुद्धा.” मग आईकडे वळून हळूच म्हणाले, “वस्तूंना हात लागू दे, सावित्री. उद्या सगळं उन्हात घाल.”

म्हणून गुरुवारी सकाळी बाबा पाणंदीतून वळून घराकडे आले, तेव्हा त्यांना काय दिसलं? अंगणात दोरीवर हिरवा रेनकोट, पेरूच्या झाडावर पाग, आणि खळ्यात चार वह्या पानं पसरून ऊन खात पडलेल्या!

“सावित्री! जहाज बुडालं की काय माझं?” बाबा फाटकातूनच म्हणाले.

श्रद्धा धावत सुटली. चौदा महिने तिने या क्षणासाठी कितीतरी वाक्यं ठरवून ठेवली होती. एकही आठवलं नाही. ती बाबांच्या शर्टात तोंड खुपसून उभी राहिली. खोबरेल तेल आणि मशीनचं ऑइल. अगदी तोच वास.

सगळी हकिकत सर्वेशने सांगितली, झाराने दुरुस्त केली आणि काकाने स्वतःची चूक स्वतःच्या तोंडाने कबूल केली. बाबांनी तुळईचं भोक पाहिलं, फुटलेला कोबा पाहिला. मग तिघांना समोर उभं करून एकेकाशी हात मिळवला, जहाजावर कप्तान मिळवतो तसा. “समुद्रावर आम्ही रोज लोखंड ठोकून बघतो, कुठे गंज तर नाही ना. तुम्ही घर ठोकून बघितलंत. शाबास!”

पुढच्या आठवड्यात दापोलीहून वाळवीचा बंदोबस्त करणारी माणसं आली. त्यांनी भिंतीच्या कडेने भोकं पाडून जमिनीत औषध सोडलं, आणि दर वर्षी पावसाळ्याच्या आधी नि नंतर घर तपासायला सांगितलं. ते काम काकाने आपणहून श्रद्धाकडे सोपवलं. मोडीत काढलेल्या एका जुन्या होडीची सागवानी डोलकाठी नानांनी नवी तुळई म्हणून आणली. वर्षानुवर्षं तेल पिऊन ती काळीभोर झाली होती. सर्वेशने आधी तिच्यावर हातोडी मारून पाहिली. ठण्ण!

तिला झोपाळा टांगला, त्या संध्याकाळी झारा निघताना फाटकाशी थांबली. तिचे अब्बा कुवेतला होते, ते पुढच्या वर्षी यायचे होते. “आज घरी गेले की अब्बा ठेवून गेलेत ती बॅग उघडणार आहे, नि उद्या उन्हात घालणार आहे,” ती म्हणाली. मग भराभर चालायला लागली. श्रद्धा ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली.

“ये गो,” बाबांनी झोपाळ्यावर जागा केली. श्रद्धा बसली. तिने पाय खाली सोडले आणि दोन्ही पाय जमिनीला टेकले! पुरे, टाचांसकट!

बाबांनी पाहिलं. ते हसले, पण त्यांचे डोळे भरून आले. “एवढी मोठी झालीस, आणि मला दिसलंच नाही,” ते म्हणाले.

“गणपतीनंतर परत जाणार ना?” श्रद्धाने विचारलं. आनंदातही ती दिवस मोजत होती.

“जाणार. पण या वेळी झोपाळा वर बांधायचा नाही. रेनकोट तू शाळेला जाताना घाल, बाह्या दुमडून. पाग काका वापरेल. वह्या वाचा, फाटू देत.”

“आणि रिकामा झोपाळा हलला म्हणजे?” आईने दारातून विचारलं.

“रिकामा कशाला राहील? तू बस ना माझ्या जागी,” बाबा म्हणाले आणि सरकले.

आई जरा लाजली, मग पदर खोचून येऊन बसली. चौदा महिन्यांत ती झोपाळ्यावर एकदाही बसली नव्हती. बाबांनी दोन्ही पाय वर घेतले. श्रद्धाने पाय जमिनीला टेकवले आणि तिघांना मिळून एक रेटा दिला.